मैदानावरच्या वैनी

हवालदार उदयसिंह बावीस वर्षं फौजेत काढून आष्ट्याला परत आला, तेव्हा त्यानं बायकोला शब्द दिला, आता दर रविवारी फिरायचं. इतकी वर्षं संयोगितानं एकटीनं घर, ऊस आणि सासरा सांभाळला होता. आता तिला बुलेटवर मागं बसवून मुलूख दाखवायचा. त्यानं यादीच केली. गड, कुस्तीची मैदानं आणि साताऱ्याकडं महामार्गालगत नवीनच निघालेली ब्रुअरी, जिथं तिकीट काढून बिअर कशी करतात ते बघता येतं. बायकोनं यातलं काहीच पाहिलेलं नाही, हे या गड्यानं धरूनच चाललं होतं.

पहिल्या रविवारी मच्छिंद्रगडाच्या पायथ्याला तो पायऱ्यांकडं वळला, तर ही म्हणाली, "आवं, तिकडनं नगं. पायऱ्या लहानमोठ्या हायत, ठेच लागती. ह्या बाजूच्या वाटंनं चला."

"तू कवा आलीवतीस?"

"आलेवते की लय येळा."

"कुणासंगं?"

ती नुसती हसली. "सांगीन कवातरी."

वर देवळापाशी फुलं विकणाऱ्या म्हातारीनं तिला "लय दिसांनी आलीस गं" म्हणून जवळ घेतलं, आणि उदयसिंहाकडं बघून विचारलं, "ह्ये कोन?"

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे जळायला लागलं ते विझेना. बायको देखणी, घरात एकटी, आणि आपण सहा-सहा महिने बर्फात. फौजेत असल्या शंका काढणाऱ्या सोबत्यांना तो वेड्यात काढायचा. आता स्वतःच जेवताना तिच्या मोबाइलकडं डोळा ठेवून बसायचा. दूधवाला अंमळ जास्त बोलला तरी हा ताट सोडून दारात येऊन उभा राहायचा. उघड विचारायची मात्र छाती होईना. खरं उत्तर मिळालं तर काय करायचं?

ब्रुअरी मात्र त्याला फार आवडली. तिथल्या माडीएवढ्या उंच टाक्यांपुढं संयोगिता पहिल्यांदाच उभी होती, हे तिच्या तोंडावरनंच कळत होतं. सातूला मोड आणून वाळवतात हे ऐकल्यावर म्हणाली, "म्हंजे आपल्या नाचणीवानीच की." चव बघायला दिली तर तोंड वाकडं करून म्हणाली, "ह्यापरीस कारल्याचा रस बरा." तिथं तिला एकही माणूस ओळखत नव्हता. उदयसिंह इतका खूश झाला की पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच. त्याच्या पुढच्या रविवारीही तिथंच. गाडी चालवायची म्हणून स्वतः घोटभरच घ्यायचा, पण आनंद पिंपभर. शेवटी दारावरचा माणूस म्हणाला, "काका, आता काय बघायचं राहिलंय?"

"आवं, आता मैदानाला तरी चला," संयोगिता वैतागून म्हणाली. "तुमीच म्हणलावता न्हवं?"

उदयसिंहाच्या मनात पाल चुकचुकली. पण रोज मरण्यापेक्षा एकदाचा सोक्षमोक्ष लागलेला बरा, म्हणून तो शेजारच्या गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांना निघाला.

मैदानात चहूकडं पुरुषच पुरुष. ही दोघं आत शिरतात न शिरतात तोच निवेदकाचा आवाज कर्ण्यातनं घुमला, "संयोगितावैनी आल्यात! वैनींना म्होरं जागा द्या!" चार पटकेवाले म्हातारे लगबगीनं सरकले. उदयसिंहाला कुणी जागा दिली नाही. तो बायकोच्या पाठीमागं उकिडवा बसला आणि निवेदकाला न्याहाळायला लागला. जोतीराम त्याचं नाव. झुपकेदार मिशा, भरदार छाती, तुऱ्याचा फेटा. ह्योच तो, असं उदयसिंहाच्या मनानं घेतलं.

मधल्या वेळात जोतीराम नारळ घेऊन वैनींकडं आला, तसा हा उठून आडवा गेला. "माझ्या बायकोला तुमी कवापास्नं वळखता?"

जोतीराम रागवायच्या ऐवजी हरखला. "म्हंजे तुमी तात्याबांचं फौजी चिरंजीव व्हय! आवं, धा वर्सं तात्याबा आन वैनींनी एक मैदान चुकवलं न्हाई. डोळं गेल्यावर त्यास्नी कुस्ती कोन सांगनार? वैनी कानाशी बसून सांगायच्या. कुनी कोनता डाव टाकला, पाय वढून पट काढला का घिस्सा मारला. आमी कर्ण्यावर चुकलो तर तात्याबा आरडायचं, जोत्या, माझी सून सांगती त्येच खरं!"

तात्याबा म्हणजे उदयसिंहाचे वडील. दोन वर्षांपूर्वी वारले. काचबिंदूनं डोळे गेले, मिरजेला दाखवलं तेव्हा उशीर झाला होता, एवढं त्याला माहीत होतं. तो रजेवर आला की म्हातारा सोप्यात बसून असायचा आणि "बरं हाय" एवढंच बोलायचा.

"मला सांगितलं का न्हाईस?" त्यानं बायकोला विचारलं.

"मामांनी शपथ घातलीवती. म्हनायचे, पोराला कवा मैदानाला न्हेलं न्हाई, आन आता सुनंसंगं गड, मैदानं हिंडतो म्हनल्यावर त्येला लागंल."

आणि लागलंच. चोर घरातलाच निघाला, तरी पोटातली आग विझली नाही, उलट भडकली. आठ वर्षांचा असताना तो मैदानाला निघालेल्या तात्यांच्या सायकलमागं वेशीपर्यंत पळत जायचा. तात्या मागं न बघता म्हणायचे, "घरी जा, अभ्यास कर." एकदासुद्धा त्यांनी त्याला पुढच्या दांडीवर बसवलं नाही. आणि ही, परक्या घरनं आलेली, दहा वर्षं त्यांच्या कानाशी बसली. आता उदयसिंह बायकोवर संशय घेत नव्हता. तिचा हेवा करत होता.

हलगी कडाडली. शेवटची कुस्ती लागली. उदयसिंहानं म्हाताऱ्यांना सरकवून बायकोशेजारी जागा केली, मांडी घातली आणि डोळे गच्च मिटले.

"सांग."

"आवं, तुमाला दिसतंय की."

"तात्यांना सांगायचीस तसं सांग."

ती त्याच्याकडं सरकली. मग त्याच्या कानाशी वाकली. "खडाखडी चाललीय, अजून नुसतीच हाताला झटापट. निळ्या लंगोटाचा डाव्या पायावर जड हाय, मामा..."

तिनं जीभ चावली. उदयसिंहानं डोळे उघडले नाहीत.

"मग?" तो म्हणाला. "पट काढतोय का?"