खाडीकडचे लांबट खळगे

मुलुंड पूर्वेला आमच्या खिडकीतून मिठागरं दिसतात. मिठाचे वाफे चौकोनी, माणसांनी आखलेले. त्यांच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला, पाच-सहा खळगे आहेत. अंड्यासारखे लांबट, आणि सगळे एकाच दिशेला कललेले. ते कोणी खणले, कधी, ठाऊक नाही.

गेल्या वर्षी आईचं विसरणं वाढलं. डॉक्टर म्हणाले, चुकलं की हळूच दुरुस्त करा. मी ते काम मनावर घेतलं.

आई सारखी खिडकीत बसायची आणि खळग्यांबद्दल सांगायची. एकदा तिच्या गावाकडच्या बोलीत म्हणाली, "म्हशी लोळान लोळान झाले ते."

"आई, तिथे तबेला कधीच नव्हता."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, त्यांचे ठसे आहेत. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या होड्या नसतात. मग ती म्हणाली, समुद्र आधी इथवर होता, जाताना बोटं ओढत गेला. मी म्हटलं, "असं काही नसतं गं."

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. खळग्यांबद्दलच नाही, कशाबद्दलच. जेवण हवं का, तर मान हलवायची. ऑफिसातून थकून आलो की घरातली ती शांतता मला बरी वाटायची. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. ती आता कायमची अशीच राहील की काय, हे बऱ्याच उशिरा डोक्यात शिरलं आणि मी घाबरलो.

भूगोल शिकवणाऱ्या एका मित्राला फोनवर खळग्यांचं विचारलं. तो म्हणाला, "वारा असेल, भरतीचं पाणी असेल, खालची माती बसली असेल. नक्की कोणी सांगू शकणार नाही रे."

रविवारी आईशेजारी बसलो आणि ते जसंच्या तसं तिला सांगितलं.

"कोणाकच ठाऊक नाय?"

"नाही."

"मग माझा खोटा, ह्या तुका कसा कळला?"

डॉक्टरांचं नाव पुढे करणार होतो, केलं नाही.

"आज काय वाटतं तुला? कसे झाले असतील?" मी विचारलं.

"आज काय सुचणा नाय." तिने बाहेर पाहिलं. "सुचला तर सांगान. पण तू मधी बोलू नको."

मी बरं म्हटलं. दुपार उलटली तरी मी तिथेच वाट बघत बसून होतो.