वळणावरच्या शिंदी

मोर्शीच्या बाजारात मी आधी संत्र्यांच्या पाट्या वाहिल्या, मग दलाली केली, मग नदीकाठी जमीन घेऊन संत्र्याची कलमं लावली. विहीर स्वतः उभं राहून खणून घेतली. नदीचं वळण माझ्या वरच्या अंगाला, शेजाऱ्याच्या हद्दीत होतं. तिथं शिंदी, करंज आणि निर्गुडीची दाट जाळी होती. पुराचं पाणी तिच्यावर आपटून मवाळ होई आणि मगच माझ्या बांधाजवळून जाई.

एकोणीसशे साठच्या सुमारास परतवाड्याचा एक लाकूडवाला ती झाडं पाहून गेला. मी लगेच शेजारी गाठला.

"झाडाले हात नाई लावत भाऊ," तो म्हणाला. "आठवड्यातून तीन दिवस तुया विहिरीचं पानी दे."

"एक दिवस देतो. हरभऱ्याले काय आंघोळ घालतं?"

"तुयी संत्री पोटभर पितात, माया हरभऱ्यानं तोंड पाहावं काय?"

तीन दिवस मला परवडत होते. पण पहिल्या बोलीला मी आयुष्यात कधी हो म्हटलं नव्हतं. बाजारात सौदा अडला की मी धोतर झटकून उठायचो. चार पावलांत मागून हाक यायची. तसाच उठलो. वर रागानं म्हणालो, "तोड! पाह्यतो तुयी हिंमत."

बांधापर्यंत मुद्दाम हळू चाललो. हाक आली नाही.

"तुमीच वापस जा न," घरी बायको म्हणाली. "काहून अडून बसले?"

"येते तो दोन दिवसांत."

तिसऱ्या सकाळी कुऱ्हाडी ऐकू आल्या. धावत गेलो, तर निम्मी शिंदी आडवी झाली होती. मी तीन दिवस म्हणालो, चार म्हणालो.

"शबूद देऊन बसलो भाऊ," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला.

लाकूडवाल्यानं बुंधेही ठेवले नाहीत. मुळांसकट खणून नेले.

पहिल्या पुरानं वळणाचा काठ नेला, दुसऱ्यानं माझा बांध. मग पाणी ओसरल्यावरही काठ ढासळत राहिला. भर दुपारी, नदी कोरडी असताना, ढप्प असा आवाज येई. बायको हातातलं काम थांबवून विहिरीकडे पाही. कडेची संत्री मुळं लोंबवत उभी राहत आणि एक दिवस दिसेनाशी होत.

विहीर आणि काठ यांच्यात बैलगाडीपुरती जागा उरली, तेव्हा शेजारी निर्गुडीच्या फांद्यांची मोळी घेऊन आला.

"खोचून पाहू काठाले. जीव धरते निर्गुडी."

"ये बाप्पा, आता सातही दिवस पानी घे!" मी ओरडलो.

तो हसला नाही. उकिडवा बसून फांद्या खोचू लागला. सौदा अडला त्या दिवशी त्यानं एक हाक मारायला हवी होती, हे माझं आजही म्हणणं आहे. तेच सुनावायला मी पुढं झालो, तोच त्यानं खोचलेली चौथी फांदी मातीसकट खाली गेली. विहिरीच्या कठड्याला पाठ लागेपर्यंत आम्ही दोघंही मागं सरलो.