अंगठा घेतला, पण वाचून दाखवलं नाही

“या कागदावर काय लिहिलंय, बाई?” समोरच्या वकिलांनी विचारलं.

विमलबाईंनी साक्षीच्या पिंजऱ्यातून कागदाकडे पाहिलं. “माले काय म्हाईत? वकीलभाऊनी सांगं, आठे अंगठा दे. मी दिना.”

“वाचून दाखवला होता?”

“नही.”

न्यायाधीशांनी ते उत्तर स्टेनोला सांगितलं. आमचा वकील सागर फाईल उलटीपालटी करत होता. फाईलमध्ये पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“यात लिहिलंय, लग्न झाल्यापासून तुम्ही एक दिवसही हे घर सोडलं नाही. खरंय?”

“कसं खरं? पोरगीना बाळंतपणले मी सुरतले गयथू. सहा महिना तठेच व्हतू.”

समोरचे वकील खाली बसले. त्यांचं काम झालं होतं.

दावा एरंडोलच्या कोर्टात होता. विमलबाई जवळच्याच खेड्यातल्या. नवरा वारलेला. दोन खोल्यांचं घर सासऱ्याच्या नावावर. दीर म्हणत होता, ही सुरतला मुलीकडे राहायला गेली, घर सोडून दिलं, आता ताबा माझा. आमचं म्हणणं, ताबा विमलबाईंचा, दिराने त्यांना हुसकावू नये. याला मनाईचा दावा म्हणतात. त्यात मालक कोण यापेक्षा घरात राहतंय कोण, हे आधी पाहतात. तेच आमच्या साक्षीदाराने आमच्याच कागदाच्या उलट सांगितलं होतं. दावा गेला असता तर विमलबाईंना दुसरं घर नव्हतं. मुलीचं सासर भाड्याच्या खोलीत.

मी वकील नाही. चौथी शिकलेय. जळगावच्या कोर्टात एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात झाडायला लागले आणि त्यांची कारकून म्हणून म्हातारी झाले. तारखा लिहिणं, दाव्याची पानं लावणं, स्टॅम्प आणणं, पक्षकाराला वेळेवर उभं करणं हे कारकुनाचं काम. साहेब गेल्यावर मी घरी बसणार होते. पण जळगावात दोन-चार निवृत्त वकिलांनी मिळून एक केंद्र काढलं. नवीन वकील, ज्यांच्या मागे बाप नाही, सीनियर नाही, ऑफिस नाही, त्यांना दोन-तीन वर्षं शिकवायचं. त्यांनी कमी फीमध्ये गरिबांच्या केसेस चालवायच्या. कायदा ते निवृत्त वकील शिकवतात. कोर्टात वागायचं कसं, ते माझ्याकडे.

सागर धुळ्याचा. मुलगा हुशार. घरी आईशी विमलबाईंसारखंच अहिराणीत बोलणार, पण काळा कोट चढवला की पुस्तकी मराठी. विमलबाईंचं शपथपत्र, तो अंगठ्याचा कागद, त्यानेच लिहिलं होतं. म्हणजे लिहिलं नव्हतं. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एका दाव्याचा तयार मजकूर होता, त्यात नावं बदलली. ते ‘एक दिवसही घर सोडलेले नाही’ हे वाक्य त्या दुसऱ्या बाईचं होतं.

आणि चूक माझीही होती. पानांचे नंबर मी पाहिले, अंगठा पाहिला, शिक्का पाहिला. वाचून दाखवलं का, हे विचारलं नाही. त्या दिवशी एरंडोलची बस गाठायची होती.

“फेरतपास?” न्यायाधीशांनी विचारलं.

उलटतपासात साक्षीदार अडखळला तर त्याच्या वकिलाला पुन्हा थोडं विचारता येतं, तो फेरतपास. उत्तर सुचवायचं नसतं. फक्त विचारायचं.

सागर उभा राहिला. त्याचं तोंड ‘नाही’ म्हणण्यासाठी उघडलेलं मला मागून कळलं, कारण मान खाली गेली होती. कारकुनाला कोर्टात बोलता येत नाही. मी चिठ्ठीवर ‘सुरतला असताना कुलूप कोणाचं’ एवढं लिहिलं आणि त्याच्या हातात कोंबली.

हे मला कुठल्या कागदातून कळलं नव्हतं. तारखेला पुकारा होईपर्यंत पक्षकार बाहेरच्या बाकावर बसतात. वकील मोबाईलवर असतात. कारकून पक्षकाराशेजारी बसतो. दोन वर्षांच्या तारखांमध्ये विमलबाईंचं मला सगळं घर सांगून झालं होतं.

सागरने चिठ्ठी वाचली. मग पहिल्यांदाच तो त्या कोर्टात आईशी बोलावं तसा बोलला. “मावशी, सुरतले व्हत्या तवय घरले कुलूप कोनं व्हतं?”

“मनं.” म्हणजे माझं. “दुसरं कोनं ऱ्हाई?”

“ऑब्जेक्शन,” समोरचे वकील म्हणाले. “नवीन मुद्दा आणताहेत.”

“सुरत तुम्हीच काढलीत,” न्यायाधीश म्हणाले. “विचारा.”

“आनि किल्ली?”

“शेजारीनजोडे. कोंबड्यासले दाना टाकाले लागे ना. बठ्ठं सामान घरमाच व्हतं. दोन लुगडा लिसनी गयथू फक्त.”

बाहेर आल्यावर सागर माझ्याकडे न पाहता म्हणाला, “अक्का, वाचलो. कुलूप तिचं, सामान तिचं.”

“तू वाचलास. त्या बाईचं काय ते अजून ठरायचंय.”

“फॉरमॅट सगळेच वापरतात.”

“वापर ना. पण तिला तिचंच ऐकव की.”

“एवढा वेळ कुठे असतो?”

“आता किती गेला?”

तो फाईल बांधायला लागला.

मला त्या वेळी आमच्या साहेबांचं ऑफिस आठवलं. टाइपरायटर, चार कार्बन, सतरंजीवर बसलेले पक्षकार. साहेब स्वतः नागर मराठीतले, पण शपथपत्राचं एकेक कलम अहिराणीत सांगत. पक्षकार मध्येच अडवायचे. “असं नही व्हतं साहेब, पहिले त्यानी शिवी दिनी.” मग ते पान परत टाइप. टाइपिस्ट नाना चिडून म्हणायचे, “यांची भांडणं मिटतील, माझी बोटं राहणार नाहीत.” एकदा एकच पान पाच वेळा झालं. साहेब शांतपणे म्हणाले, “नाना, उलटतपासात सहाव्यांदा करता येत नाही.” मला तेव्हा ते सगळं कटकटीचं वाटायचं. कामं उरकत नसत. घरी जायला उशीर होई. आता एका बोटाने दुरुस्ती होते, आणि वाचत कोणी नाही. ती सतरंजी मात्र मला अजून हवीशी वाटते.

शेजारणीची साक्ष घ्यायचं ठरलं. या वेळी मी सागरला तिच्या ओट्यावर बसवलं. तो तिचं शपथपत्र वाचत गेला. तिसऱ्या कलमाला ती म्हणाली, “थांब रे भाऊ. मी रोज नही जाऊ. एक दिन आड जाऊ.” त्याने खोडलं. पुढे तिने आणखी दोन ठिकाणी अडवलं. सागरला राग आला होता, पण त्याने तिन्ही ठिकाणी दुरुस्ती केली.

कोर्टात तिला तोच प्रश्न आला, कागद वाचून दाखवला का? ती म्हणाली, “दखाडा. मी तीन चुका काढ्यात त्याना.” न्यायाधीश हसले की नाही, मला दिसलं नाही. समोरच्या वकिलांनी मात्र पुढचे प्रश्न थोडक्यात आटोपले.

मनाई मिळाली. निकालात एक परिच्छेद आमच्यावरही होता. वादीचं शपथपत्र निष्काळजीपणे तयार केलं गेलं, असा. सागरने तो परिच्छेद मला वाचून दाखवला. मी म्हटलं, बरोबर आहे. केंद्रात आता नवीन मुलांना मी आधी तोच परिच्छेद ऐकवते, मग स्टॅम्प कुठे मिळतो ते सांगते. मुलं ऐकतात. त्यातली निम्मी पुढे विसरतील, हेही मला माहीत आहे.

दिराने जळगावला अपील केलं. ते चालू असतानाच तो वारला. त्याच्या मुलाने पुढे चालवलं नाही. विमलबाई त्याच घरात राहतात.