वांगी जिंकली

शेजारचे प्रोफेसर ग्रीकांचा इतिहास शिकवून बारामतीला परतले होते. चुकीचा सन सांगितला, तर मामलेदारांनाही ते भर सभेत थांबवत.

एकदा निमगावच्या बाजारात त्यांनी मॅरेथॉनची लढाई मांडली, मूठभर ग्रीकांनी अफाट इराणी फौज हरवली ती. शेजारच्या पाटीतले पाच-सहा कांदे ग्रीक, भाजीवाल्या मावशीची ढीगभर वांगी इराणी. बघता बघता गर्दी जमली. कांद्यांनी चाल केली, तशी मावशी कडाडली, "माझी वांगी हरायची न्हाईत!"

"अहो मावशी, इतिहास आहे हा!"

"इतिहास तुमचा. वांगी माझी हाईत."

प्रोफेसरांनी गर्दीकडे पाहिलं, पगडी सावरली आणि इराण्यांना जिंकवलं. बाजार शिट्ट्यांनी दणाणला.

हरलेले ग्रीक मात्र त्यांनी विकत घेतले आणि उपरण्यात बांधून, छातीशी धरून घरी नेले.