मिल्काकाकूला आडवं झोपवायचं होतं

आमच्या घरानं काकूला चुकीचं पुरलं.

आज वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर तिचा हार घातलेला फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, 'सोशिक, सगळ्यांना धरून राहणारी.'
सोशिक म्हणजे जिला आपण कधी बोलूच दिलं नाही ती.

माझे नातेवाईक हे वाचतील. वाचा.

मिल्काकाकू कोकणातली, बेने इस्रायली. म्हणजे ज्यू, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच भांडणारी. काकांनी पुण्यात नोकरीला असताना तिच्याशी लग्न केलं आणि तिला उदगीरला, आमच्या लिंगायत घरात आणून सोडलं. मिल्का हे नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आजीनं मल्लम्मा केलं.
तिला विचारलं वगैरे नाही.

मूल झालं नाही. त्यावरून तिला जे ऐकवलं गेलं ते इथं लिहिलं तर पोस्ट उडेल.

मोठ्यांकडं काही मागायचं नाही, हे ती लवकर शिकली. बोलायची ती फक्त लेकरांशी.
दुपारी पुरुषमंडळी जेवून आडवी झाली की ओसरीवर गल्लीतली पोरं जमायची. आधी आम्ही, मग आमची लेकरं.

तिच्या आजीनं तिला सांगितलेल्या ज्यू लोकांच्या गोष्टी.

अतिशहाण्यांच्या गावची गोष्ट. पिंपाच्या पाण्यात चंद्र दिसला म्हणून ते लोक घाईघाईनं झाकण लावतात. अमावस्येला उघडून बघतात तर चंद्र चोरीला!

घरात जागा पुरत नाही म्हणून रडणाऱ्याची गोष्ट. गुरू त्याला म्हणतो, बकरी घरात घे. काकूनं बकरी काढून तिथं देवणी बैल घातला होता. बैल शेवटी बाहेर काढला की तेच घर त्याला केवढं मोठं वाटायचं.
हसून हसून आमचं पोट दुखायचं.

माझ्या भावाची मुलगी गौरी, तेव्हा सहा वर्षांची. तिला एकच गोष्ट लागायची. दूर देशात मेलेल्या म्हातारीची.

"मग काय झालं काकूआजी?"

"मग तिला आडवं झोपवलं. पाय मावळतीकडं केले. आणि देवानं हाक मारली ना, की ती जमिनीखालून लोळत लोळत निघाली. आमच्या यरुशलेमपर्यंत."

"नदी आली तर?"

"नदीच्या पण खालून."

"तू पण जाशील?"

"जाईन की. मला कोण अडवतंय?"

तिनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते एवढंच. तेही सहा वर्षांच्या पोरीकडं.

गेल्या वर्षी सकाळी चहा पिता पिता गेली. मी लातूरहून पोचले तेव्हा तिला अंगणात भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला विभूती. समोर भजन.
आमच्यात बसवूनच पुरतात. त्या रीतीबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या वडलांना तसंच पुरलं, मलाही तसंच पुरा.

गौरी गर्दीतून पुढं आली.

"काकूआजीला बसवलं काहून?"

माझे धाकटे चुलते, अण्णा, काकांच्या मागं घरातले कर्ते. ते म्हणाले, "गप गं."

"झोपवा की तिला. पाय तिकडं करा."

"हिला आत न्या रे कुणीतरी."

"अण्णाआबा, बसून कशी लोळंल ती?"

टाळ थांबले.
मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा. मग सगळं अंगण हसलं. काकू समोर बसलेली, आणि आपण हसलो.
भावानं गौरीच्या कानाखाली दिली.

मी अण्णांना बाजूला घेतलं. म्हटलं, जागा तीच, माती तीच. फक्त आडवं ठेवू. काकूनं सांगितलं होतं.

"कुणाला सांगितलं?"

"गौरीला. गोष्टीत."

"गोष्टीत!" अण्णा म्हणाले. "खड्डा बसायच्या मापाचा खंदून झालाय. आता कोण लांबवणार? पाहुणे सकाळपासून उपाशी हायत."

झालं. पाहुण्यांच्या पोटापुढं काकू हरली.

परत येऊन आम्ही अंघोळी केल्या आणि पोटभर जेवलो. भाजी लई चवदार झाली, असंही कुणी म्हणालं. नाव लिहीत नाही. त्याचं त्याला कळेल.

गौरी गच्चीच्या जिन्यात बसली होती. मी तिला म्हटलं, "पोचली असेल गं. देवाला काय अवघड आहे?"

"तुला गोष्ट म्हाईत न्हाई, आत्या."

परवा मी उदगीरला गेले. दुपारी ओसरीवर गौरी बसली होती. समोर तिच्याहून लहान पोरं.
म्हातारीची गोष्ट चालली होती. हाताचे हावभावसुद्धा काकूचेच. मी खांबाशी उभी राहिले. खरं सांगते, बरं वाटलं.

एका चिमुरडीनं विचारलं, "मग पोचली का म्हातारी?"

"न्हाई. तिला घरच्यांनी बसवून पुरलं."

"मग आता ती काय करून राहिली?"

गौरीनं माझ्याकडं बघितलं.

"बाकीचे लोळत चाललेत, ते ऐकून राहिली."

भावपूर्ण वगैरे मला लिहवत नाही.
काकू, निरोप घेते.