पाऊल न वाजणारी जाऊ

माझी धाकटी जाऊ चालायला लागली की आमच्या राहू गावातल्या घरात मांडणीवरची भांडी वाजायची. खोटं नाही सांगत. अंगानं होतीच तेवढी. ती मोरीत आहे की ओसरीवर, मला चुलीपुढं बसून कळायचं. म्हणून पुण्याहून ऑपरेशन करून आल्यावर ती वाळत गेली, तेव्हा मी पहिल्यांदा भ्याले ती तिच्या तोंडाकडं बघून नाही, तिचं पाऊल वाजेना म्हणून. मी भाकरी थापत असायची आणि अगदी पाठीशी आवाज यायचा, "आक्का, तवा तापला बघा." आवाज तोच, जुना, भरलेला. वळून बघावं तर साडीत गुंडाळलेली कुणी परकीच बाई. दंडाची कातडी लोंबती, भांगात केस विरळ, आणि भर उन्हाळ्यात खांद्यावर शाल. सारखी थंडी वाजायची तिला.

वजनापायी तिला साखरेचा आजार झाला होता, चार पावलं चालली की धाप लागायची. तिचा भाऊ पुण्यात कंपनीत, त्यानं सगळी चौकशी केली. पोटाची पिशवी अंड्याएवढी करतात आणि आतडं वर उचलून तिला जोडतात, एवढं आम्हाला समजलं. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, थोडं थोडं खायचं, चावून खायचं, साखर बंद.

बंद केली की आम्ही. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, साखरेचा डबाच माळ्यावर टाकला. आणि घर गुऱ्हाळवाल्यांचं. उन्हातून कुणी आलं की गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं करायचा, ही आमची रीत. मग अशक्त सुनेला आत्याबाई रोज दुपारी स्वतःच्या हातानं गूळ द्यायच्या. "खा गं, बळ यील अंगात."

पहिल्यांदा झालं ते ओसरीवरच. बोलता बोलता जाऊ गप्प झाली. कपाळावर घामाचे थेंब फुटले, हातातल्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या, इतकी ती थरथरत होती. डोळे आमच्याकडं होते, पण बघत कुणाकडं होती देव जाणे. पोट धरून वाकडी झाली आणि मग निपचित पडली. जरा वेळानं उठून म्हणाली, "काय झालं हो मला?"

दुपार झाली की हेच व्हायला लागलं. दारचं कुत्रं तिला बघून गुरगुरायचं. शेजारणी यायच्या त्या उंबऱ्याबाहेरूनच बोलायच्या. आत्याबाई एक दिवस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "थोरले, ही आपली न्हाई गं. आपली तिथंच ऱ्हायली. हे दुसरंच कायतरी तिचं बोलणं शिकून आलंय."

जावेची मुलगी चार वर्षांची. आईच्या पोटावर डोकं ठेवल्याशिवाय तिला झोप यायची नाही. तिला आत्याबाईंनी आपल्याजवळ घेतलं. पोरही आईला बघून पदराआड लपायची. जाऊ दारात उभी राहून बघायची. एकदा मला म्हणाली, "आक्का, लोकांना मला काय म्हणायचं ते म्हणू द्या. पर माझी पोर तेवढी मला द्यायला सांगा आत्याबाईस्नी."

नदीपलीकडच्या एका भगतानं अंगारा दिला. सकाळ-दुपार गुळात कालवून द्यायचा. आता ते सकाळीही यायला लागलं. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "बघितलंस? अंगारा लागला की आतलं कसं तडफडतंय." माझ्या अंगावर काटा आला. कारण दिसत तर तसंच होतं. सुनेला माहेरी धाडायचं आणि पोर इथं ठेवायची, असं घरात ठरत आलं.

तेवढ्यात पुण्याला तपासणीची वेळ आली. आत्याबाई हट्टानं बरोबर आल्या. "डाक्टरला इचारायचंय मला, आमची सून कुठं ठिवली." आत नर्सबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "साखर खाते का ही?"

"दाणा न्हाई. म्या सोता डबा माळ्यावर टाकलाय."

"मग त्रास व्हायच्या आधी काय दिलेलं असतं?"

"काय न्हाई. गूळ."

नर्सबाई आमच्या तिघींकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. "अहो आजी, गूळ म्हणजे साखरच ना?"

"गूळ म्हंजी गूळ," आत्याबाई चिडल्या. "साखर तुम्ही खाता. गूळ आमचं औषध हाय."

मग त्यांनी समजावलं. गोड आता पोटात थांबत नाही, सरळ आतड्यात उतरतं आणि सगळं शरीर घाबरं होतं. घाम, थरथर, चक्कर, सगळं त्याचंच. येताना जीपमध्ये, राहू जवळ आल्यावर, आत्याबाई म्हणाल्या, "आपल्याच गुळानं व्हय गं?"

गूळ थांबला, तसं ते थांबलं. पण पोर काही जवळ जाईना. मग एका दुपारी जाऊ घोंगडीवर पडली होती. पोर लांबून बघता बघता सरकत सरकत गेली आणि तिच्या पोटाला कान लावून बसली. एकदम ओरडली, "आज्जे, हितं आत कुणीतरी बोलतंय!"

आत्याबाईंचा तांदूळ पाखडणारा हात थांबला. माझाही.

जाऊ डोळे मिटूनच म्हणाली, "काय म्हणतंय गं?"

पोरीनं पुन्हा कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. "भूक लागली म्हणतंय."

आत्याबाई उठल्या. हात सवयीनं गुळाच्या डब्याकडं गेला, मागं आला. वाटीभर ताक आणि भाकरीचा चतकोर घेऊन आल्या आणि सुनेपुढं ठेवला. पोर तोवर तिथंच, त्या सैल पोटावर डोकं टेकून झोपली होती. मी उचलायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. जागा तिचीच हाय."

पाऊल मात्र तिचं पुढंही कधी वाजलं नाही. आजही चुलीपुढं बसलेली असताना पाठीशी कुणी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. मी वळून बघत नाही. नुसतं विचारते, "तूच ना गं?"

बहुतेक वेळा उत्तर येतं.