दसऱ्याला लागलेलं सील

दिग्रसच्या ज्या कापसाच्या जिनिंग कंपनीत मी कारकून होतो, ती गुंडाळायचं मालकमंडळींनी ठरवलं आणि यवतमाळचे एक वकील लिक्विडेटर म्हणून आले. कंपनीचं सगळं आवरायचं, ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हायचं, एवढंच त्यांचं काम. ताबा घ्यायला साहेबांनी मुहूर्त काढला दसऱ्याचा. बुडालेल्या कंपनीला कसला आलाय मुहूर्त!

दसऱ्याला जिनात इंजिनापुढे सगळी हत्यारं मांडून पूजा व्हायची आणि त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नसे. आमच्या फिटरची पेटीही तिथंच होती. पाने, हातोड्या, कानशी, सगळं त्याच्या घरचं. साहेबांनी समोर दिसेल ते यादीत घालायला सांगितलं. मी बावळटासारखं घातलं. फाटकाला सील लागलं.

दुसऱ्या दिवशी फिटर पेटी न्यायला आला.

"साहेब, हत्यारं माही हायेत. मले देऊन टाका."

"यादीत आहे ते कंपनीचं," साहेब म्हणाले आणि यवतमाळच्या मोटारीत बसले.

पुढं तीन वर्षं हा माणूस फिरकला नाही. मला मात्र कंपनीचे कागद सांभाळायला पगारावर ठेवलं होतं. दरसाल सभा घ्यावी, रजिस्ट्रारकडे हिशेब पाठवावा, असं कायद्यात होतं. साहेबांना कायदा दुसऱ्यांना ऐकवण्यापुरता ठाऊक. हत्यारांवाचून फिटरला कुणी फिटर म्हणून उभं करीना, तो दुसऱ्या जिनात रुईच्या गाठी वाहू लागला. त्याच्यासमोरून जायची मला लाज वाटे. शेवटी मीच रजिस्ट्रारकडे तक्रार केली. नोटिसा आल्या, त्या साहेबांनी पचवल्या. मग रजिस्ट्रारच्या अर्जावर कोर्टाचा हुकूम आला: मुदतीत हिशेब द्या, पेटी परत करा, नाहीतर तुरुंगात जा. तेव्हा कुठं स्वारी पहिल्या मोटारीनं हजर!

सील तुटलं. छप्पर गळून पेटीत पाणी गेलेलं, पाने गंजून एकमेकांना चिकटलेले. पावती साहेबांनी मलाच लिहायला लावली: 'सर्व हत्यारे सुस्थितीत मिळाली.' तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी लिहिलं. नोकरदार हाताला तेवढंच येतं.

फिटरनं कानस चोळली आणि लाल भुगा साहेबांपुढं धरला.

"हे बी यादीत लिवा ना साहेब. कंपनीचं हाय का माहं?"

साहेब घड्याळ बघत होते. सहीशिवाय पेटी मिळणार नव्हती, म्हणून फिटरनं त्याच हातानं सही केली. कागदावर तांबडी बोटं उठली. हुकूम पाळल्याचा पुरावा म्हणून कोर्टात तोच कागद गेला.